फुगा, सेलोटेप आणि मायनस दीड

लेकीला सहावीत मायनस दीडचा चष्मा लागला. ठाण्यात नौपाड्यातून घरी पोहोचेपर्यंत आजीने मोबाइलला दोषी ठरवलंसुद्धा. मी डिप्लोमाच्या मुलांना स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, म्हणजे कुठला माल किती ताण सोसतो, ते शिकवतो. म्हटलं, डोळा म्हणजे आत दाब असलेली पातळ भिंतीची टाकी, आपल्याच खात्यातलं प्रकरण.

आधी हिशेब. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर. तो एक मिलिमीटर जादा लांबला की सुमारे अडीच मायनस नंबर चढतो. आतला दाब २ किलोपास्कलच्या आसपास. स्प्रेडशीटमध्ये भिंतीवरच्या ताणाचं सूत्र घाला: दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडीची दुप्पट. त्रिज्या १२. डोळ्याच्या मधल्या घेरात पांढरी भिंत अर्धा मिलिमीटर धरली तर ताण २४ किलोपास्कल. मागे ती एक मिलिमीटर जाड, तिथे १२.

आता गंमत बघा. मागे ताण कमी, आणि मायनसचा डोळा लांबतो तो मुख्यतः मागेच! मी सूत्र दोनदा तपासलं. चूक सूत्रात नव्हती. मी भिंत सगळीकडे एकाच मालाची धरली होती.

मग फुगा घ्या. अर्धवट फुगवा, पुढच्या भागावर सेलोटेपच्या पट्ट्या मारा, मागचा भाग मोकळा सोडा आणि पुन्हा फुंका. दाब सगळीकडे तोच, पण फुगतो मोकळा भागच. डोळ्यात भिंत सैल करायचा हुकूम आतल्या पडद्याकडून, म्हणजे रेटिनाकडून येतो. कोंबडीच्या पिलांच्या डोळ्यावर अर्ध्याच भागात धूसर आवरण लावलं, तर डोळा तेवढ्याच बाजूला वाढला. मेंदूकडे जाणारी डोळ्याची नस कापली तरी वाढ होतेच. म्हणजे हुकूम डोळ्यातच सुटतो, मेंदूला विचारत बसत नाही.

शेवटी वेळ. दुधाच्या पिशवीची दोन बोटं रुंद पट्टी कापा, पेनाने दोन खुणा करा, खिडकीच्या ग्रिलला बांधून खाली लिटरभर पाण्याची बाटली लटकवा. सकाळी खुणांमधलं अंतर मोजा. वजन तेवढंच असून पट्टी हळूहळू ताणत जाते, याला क्रीप म्हणतात. ट्री श्रू या खारीसारख्या छोट्या प्राण्याला मायनस भिंग लावलं की त्याच्या डोळ्याच्या भिंतीचा क्रीप वाढतो. म्हणून स्प्रेडशीटमध्ये महिन्यांचा रकाना जोडा आणि क्रीपचा दर फक्त मागच्या भागासाठी वाढवा.

या खेळातून नंबर उतरवायचा उपाय निघत नाही, ते डॉक्टरांचं काम. त्यांच्याकडून डोळ्याची लांबी तेवढी मोजून मागा, सहा महिन्यांनी पुन्हा. आजी मात्र नातीला रोज संध्याकाळी तलावपाळीला पिटाळते. उन्हात जाऊ दे, मी सांगतो. उजेडात बाहेर खेळणाऱ्या मुलांना चष्मा कमी लागतो, हे खरंच दिसून आलंय.