पालकांसाठी बालसुरक्षेचं ट्रेनिंग ठेवताय? आधी मुलांची सोय बघा

पालकांसाठी कार्यक्रम ठेवायचा तर पहिला प्रश्न विषयाचा नाही, मुलं कुठे बसणार हा आहे, कारण लहान मूल घरी ठेवून यायला जमत नाही म्हणूनच ज्यांना खरी गरज असते तेच येत नाहीत. म्हणून शेजारच्या खोलीत खेळायची सोय करा, तिथे कायम दोन मोठी माणसं हवीत, एकटं कुणीच नको, आणि मूल कुणी आणलं कोण नेणार ते वहीत लिहून घ्या. फोटो काढायचे तर आधी पालकांना विचारा, मुलालाही विचारा.

वेळ दीड तास पुरे. भाषण कमी, प्रॅक्टिस जास्त.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो एकाच गोष्टीला, कुणी त्रास दिला, अत्याचार केला असं मुलाने सांगितलं तर काय करायचं. शांत ऐकायचं, "तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही" म्हणायचं, खोदून खोदून विचारायचं नाही, "कुणाला सांगणार नाही" असं वचन तर अजिबात द्यायचं नाही कारण मदत मिळवायला सांगावंच लागतं. नंतर लगेच मुलाच्याच शब्दात लिहून ठेवायचं आणि बालसंरक्षणाचं काम बघणाऱ्यांना कळवायचं, ज्याच्यावर संशय आहे त्याला आपण जाऊन जाब विचारायचा नाही, त्याने मुलाचा धोका वाढतो. हे जोडीजोडीने बोलून बघायला लावा, पहिल्यांदा सगळेच अडखळतात. मदतीचे नंबर छापून सगळ्यांनाच द्या, म्हणजे घेताना कुणाला लाज वाटत नाही.