सांगली-मिरजेहून मेलबर्नला येताय आणि घरात व्हीलचेअर आहे? मग घर बघायच्या आधी स्टॉप बघा

गावाकडनं नवीन आलेल्यांचे मेसेज येतात, घर कुठं बघू, शाळा कुठली चांगली, भाकरीचं पीठ कुठं मिळतं, आणि मग शेवटी हळूच, दादा आईला चालता येत नाही, तिकडं तिला फिरवता येईल का. येईल. आमचे आण्णा पॅरालिसिसनंतर सहा वर्षं इथं व्हीलचेअरवर आहेत आणि आठवड्यातनं तीनदा तरी घराबाहेर पडतात, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

पहिलं म्हणजे माणूस उचलायची सवय सोडा. गावाकडं आण्णांना गाडीत चढवायचं म्हणजे मी, मेव्हणा आणि शेजारी उभा असेल तो, एकानं काखेत हात घालायचा, दुसऱ्यानं पाय धरायचे, खुर्ची मागनं कुणीतरी आणायची. माया असते त्यात, कुणी नाही म्हणत नाही. पण आण्णा त्या वेळी डोळे मिटून घ्यायचे, आणि का ते मला कधी विचारायचं सुचलंच नाही. इथं पहिल्यांदा ड्रायव्हरनं रॅम्प टाकला आणि ते खुर्चीवर बसूनच आत गेले तेव्हा मला म्हणाले, बघ, आज कुणी हात लावला नाही मला.

आता ट्राम, कारण फसगत होते ती इथंच. नुसती लो-फ्लोअर ट्राम, म्हणजे आत पायऱ्या नसलेली खालच्या तळाची गाडी, असून चालत नाही, स्टॉपचा फलाटही ट्रामच्या दाराच्या उंचीचा पाहिजे, दोन्ही एकदम जुळलं तरच खुर्ची आत जाते. मेलबर्नमध्ये १६०० च्या वर ट्राम स्टॉप आहेत आणि बरेच असे आहेत की भर रस्त्यात उतरून पायरी चढायची. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियाच्या ऑडिटर-जनरलनं, म्हणजे सरकारी कामाची तपासणी करणाऱ्यानं, २०२० मध्ये रिपोर्ट दिला त्यात होतं की २०१८-१९ मध्ये जेमतेम १५ टक्के फेऱ्यांना लो-फ्लोअर ट्राम आणि समपातळीचा स्टॉप दोन्ही एकत्र मिळाले. कायद्याप्रमाणे सगळे स्टॉप व्हीलचेअरला चालतील असे करायची मुदत २०२२ च्या शेवटी होती, ती उलटून गेली, ट्रामगाड्यांची २०३२ अखेर आहे. म्हणजे तुमची आई आज सत्तरीची असेल तर तिनं किती वर्षं वाट बघायची, तुम्हीच सांगा. मला याचा मनापासून राग येतो.

म्हणून भाड्याचं घर बघताना 'ट्रामपासून दोन मिनिटं' असं लिहिलेलं वाचून खूश होऊ नका. स्वतः जाऊन स्टॉप बघा, फलाट वर उचललेला आहे का, रस्त्यावरनं फलाटावर जायला उतार आहे का. आम्ही पहिलं घर हे न बघता घेतलं, स्टॉप दारात आणि आण्णा घरात. दुसरं घर दहा मिनिटं लांब आहे पण समपातळीच्या स्टॉपपाशी. ट्रामट्रॅकर ॲपमध्ये येणाऱ्या ट्रामला व्हीलचेअरची खूण दिसते, ती बघूनच घरातनं निघा. ९६ नंबरच्या रूटवर ई-क्लासच्या लांब लो-फ्लोअर गाड्या असतात, समुद्र बघायला सेंट किल्डाला जायचं तर ती बरी, पण चढायचा आणि उतरायचा स्टॉप तिथंही आधी तपासा.

शहरातली ट्रेन सोपी आहे. फलाटाच्या पुढच्या टोकाला, ड्रायव्हरच्या डब्यापाशी थांबायचं, ड्रायव्हर उतरून रॅम्प टाकतो, कुठं उतरणार तेवढं त्याला सांगून ठेवायचं. लाजू नका, गाडी थांबते आपल्यासाठी. बॅलरॅट, बेंडिगो, जिलाँग वगैरेकडं व्ही-लाइनच्या, म्हणजे शहराबाहेरच्या गावांना जाणाऱ्या, गाडीनं जायचं तर लवकर पोचून स्टेशनवरच्या माणसाला भेटा, आणि पुढं गाडीऐवजी त्यांची कोच बस असेल तर आगाऊ फोन करून ठेवाच. साध्या बसमध्ये ड्रायव्हर दारातला रॅम्प हातानं उलगडतो, आत गेल्यावर ब्रेक लावा.

भाड्याचं पण बघा, कायमची व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी इथं फुकट प्रवासाचा पास आहे, फक्त आपल्या व्हिसावर चालतो का ते अर्ज भरायच्या आधी विचारून घ्या, डॉक्टरची सही लागते. रॅम्प मिळाला नाही, लिफ्ट बंद होती, तर तारीख, वेळ, स्टॉप नंबर लिहून त्याच दिवशी तक्रार करा, दाद लागली नाही तर पब्लिक ट्रान्सपोर्ट ओम्बड्समनकडं, म्हणजे प्रवासाच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र कार्यालयाकडं, जाता येतं, पैसे पडत नाहीत. आपली माणसं 'जाऊ दे' म्हणतात, नका म्हणू.

आणि सांगलीतनं खुर्ची आणणार असाल तर निघायच्या आधी टेप लावा. इथल्या नियमात खुर्चीसाठीची जागा ८०० मिलिमीटर रुंद आणि १३०० लांब, रॅम्प ३०० किलो पेलेल असा. रुंदी चाकाला लावलेल्या हाताच्या कड्याच्या बाहेरून मोजा आणि लांबी पाय ठेवायच्या पट्टीपासून खुर्चीच्या मागच्या टोकापर्यंत, आईला खुर्चीत बसवून.