जुन्या शहरगाभ्यातला आलिशान स्टुडिओ भाड्याने घेताना

जुन्या इमारतींची तपासणी करणं हे माझं काम आणि राहतेही मी अशाच एका इमारतीतल्या स्टुडिओत, म्हणजे एकाच मोठ्या खोलीच्या घरात. त्यामुळे ओळखीतलं कुणी असं घर बघायला निघालं की मी एकच सांगते: भाडं इमारतीचं द्या, फर्निचरचं नाही. जाड भिंती, उंच छत, मोठ्या खिडक्या हे वैभव खरं. संगमरवरी ओटा आणि छुपे दिवे कुठल्याही नव्या इमारतीत मिळतात, आणि बऱ्याचदा तेच जुनी दुखणी झाकायला वापरलेले असतात.

म्हणून आत शिरल्यावर ओट्याकडे जाऊ नका, भिंतींकडे जा. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ सालचं, पण त्यानंतरही कित्येक दशकं भिंती चुन्यातच बांधल्या जात होत्या. चुन्याची भिंत ओल घेते आणि हळूहळू बाहेर टाकते. नूतनीकरणात तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक पेंट चढवला की ओल आतच कोंडते. बाहेरून भिंत आरशासारखी गुळगुळीत दिसते, पण वॉर्डरोब थोडा पुढे ओढा आणि मागे जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंत हात फिरवा. बोटांना पांढरी भुकटी लागली, तर तो लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर आलेले क्षार. बोटाच्या पेराने ठोकत जा. भरीव आवाज येता येता मधेच पोकळ आला, तर तिथला गिलावा सुटलेला आहे. ताजा रंग एकाच भिंतीला दिसला तर कारण सरळ विचारा. जमलं तर पाऊस पडून गेल्यावर पुन्हा एकदा बघायला जा.

खिडक्यांचे जुने रंग पोपडे धरून सुटत असतील तर त्यात शिसं असू शकतं. अमेरिकेने घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी घातली तीच मुळी १९७८ साली. घरात लहान मूल असेल किंवा येणार असेल, तर रंगाची चाचणी करून मागा. यात भीड नको.

उजेडाचा हिशेब सोपा आहे. खिडकीच्या वरच्या कडेची जमिनीपासून जितकी उंची, साधारण तिच्या दोन-अडीच पट आतपर्यंत दिवसाचा कामापुरता प्रकाश पोचतो. गोदामांचे किंवा कारखान्यांचे स्टुडिओ केलेले असतात तेव्हा खोली लांबलचक आणि खिडक्या एकाच टोकाला असतात. मागचा अर्धा भाग दिवसभर दिव्यावर. तिथे पलंग चालेल, कामाचं टेबल नाही. पलंगावरून आठवलं, वर्तमानपत्रं सोबत न्या आणि तुमच्या पलंगाच्या मापाने जमिनीवर अंथरा. वॉर्डरोबचं दार उघडतं का, बाथरूमला जायला वाट उरते का, हे लगेच कळतं. लिफ्ट आणि जिन्याचं वळणही मोजा. जुन्या इमारतीतली लिफ्ट अनेकदा जिन्याच्या मधल्या पोकळीत नंतर बसवलेली असते. माणसं मावतात, गादी मावत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मात्र आवाजाला द्या. दोन खोल्यांच्या घरात रस्त्याकडची खोली सोडून आत जाऊन झोपता येतं. स्टुडिओत जायला दुसरी जागाच नसते. शहराच्या गाभ्यात आवाजाच्या वेळाही वेगळ्या: रात्री उशिरा बंद होणारी हॉटेलं, पहाटे रिकाम्या बाटल्या उचलणारी कचऱ्याची गाडी, दगडी फरसबंदीवरून जाणारी चाकं. एजंट दुपारी बोलावेल. तुम्ही शनिवारी रात्री त्याच खिडकीखाली जाऊन उभे राहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शक सूचनांत झोपायच्या खोलीतल्या सततच्या आवाजासाठी ३० डेसिबलची पातळी दिली आहे. फोनवरचं मीटर अचूक नसतं, तरी अंदाज येतो. जुनं एकेरी काचेचं तावदान फार आवाज अडवत नाही, आणि वारसा इमारतीत खिडकी बदलायला बहुधा परवानगी नसते. मूळ खिडकीला धक्का न लावता आतून दुसरी काच बसवता येते. दोन्हींमध्ये १०० मिलिमीटर किंवा जास्त अंतर असेल तर फरक चांगला जाणवतो. ती आहे का बघा, नसेल तर करार करण्याआधी मागा. वरच्या मजल्याची जमीन लाकडी असेल तर वर कुणाला तरी चालायला सांगून खाली ऐका.

विजेचा विषय थोडक्यात. गिझर दोन किलोवॅट, इंडक्शन दोन, एसी दीड. हे सगळं एकदम चालू करून बघा. २३० व्होल्टवर १६ अँपिअरचं एक सर्किट जेमतेम ३.७ किलोवॅट पेलतं, म्हणजे स्वयंपाक, अंघोळ आणि गारवा यांना वेगवेगळी सर्किटं हवीत. शॉवर चालू ठेवून ओट्याचा नळ सोडा, धार किती बारीक होते बघा. जाड भिंतींत फोनची रेंज कोपऱ्याकोपऱ्यात तपासा.

मग करार. अशा इमारतींत दर्शनी बाजूला हात लावायला मनाई असते, म्हणून एसीचं बाहेरचं युनिट, पडदे, कुंड्या, भिंतीत खिळे यातलं काय चालतं हे लेखी घ्या. घरमालकाला दोन प्रश्न नक्की विचारा. पहिला, दर्शनी भागाची दुरुस्ती ठरली आहे का? ठरली असेल तर परांची आणि जाळी महिनोन् महिने खिडकीवर राहू शकते. ज्या उजेडासाठी भाडं भरता तोच जातो. तेवढ्या काळासाठी भाडेकपात किंवा लॉक-इन (ठरलेल्या मुदतीआधी घर न सोडण्याची अट) मोडल्याचं न धरता घर सोडायची मुभा, असं कलम घालून घ्या. मालक कां-कूं करायला लागला तर काम जवळ आलंय असं मी धरते. दुसरा, इमारतीतली किती घरं पर्यटकांना दिवसांच्या हिशेबाने दिली जातात? जिन्यातून रात्री-बेरात्री चाकांच्या बॅगा ओढल्या जाणार की शेजार मिळणार, ते यावर ठरतं.

किल्ली हातात आली की सामान आणण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा: प्रत्येक भेग, लाकडी जमिनीवरचा ओरखडा, खिडकीची कडी, मीटरचं रीडिंग. त्याच दिवशी मालकाला ईमेलने पाठवा आणि ‘मिळालं’ एवढं उत्तर तरी मागून घ्या. डिपॉझिट परत घ्यायच्या वेळी जुना ओरखडा कुणाचा, हा वाद त्या एका ईमेलवर मिटतो.