कळमन्याच्या संत्र्यांसाठी एपीआय: मिक्सिन वापरून व्ह्यू कसे लिहावेत

समजा, नागपूरच्या कळमना बाजारातल्या अडत्यांसाठी संत्र्यांच्या आवकेची नोंद ठेवायची आहे. मॉडेल साधं: अडत्या, बहार (आंबिया की मृग), वजन, भाव, तारीख. जँगो रेस्ट फ्रेमवर्क (पायथनमध्ये एपीआय, म्हणजे प्रोग्रॅमांनी एकमेकांशी माहिती देण्याघेण्याचा मार्ग, बनवायचं साधन) बसवलंय, सिरीयलायझरही (नोंदी पाठवण्याजोग्या रूपात बदलणारा आणि आलेली माहिती तपासणारा क्लास) तयार आहे. उरले व्ह्यू, म्हणजे विनंती घेऊन उत्तर देणारे क्लास.

पहिला व्ह्यू साध्या एपीआयव्ह्यूवरच लिहा. गेटमध्ये (माहिती मागणारी विनंती) नोंदी काढून सिरीयलायझरमधून परत द्या. पोस्टमध्ये (नवी माहिती पाठवणारी विनंती) आलेली माहिती तपासा: ठीक असेल तर साठवून २०१ (नोंद तयार झाली), नसेल तर ४०० (विनंती चुकीची). हे एकदा हाताने लिहाच. मग गाड्यांसाठी, हर्रासासाठी तेच पुन्हा लिहायला बसलात की दिसतं, बदलतात फक्त मॉडेल आणि सिरीयलायझर.

आता जेनेरिकएपीआयव्ह्यू घ्या आणि वारशाच्या यादीत त्याच्या आधी लिस्टमॉडेलमिक्सिन व क्रिएटमॉडेलमिक्सिन लिहा. मिक्सिन म्हणजे दुसऱ्या क्लासमध्ये मिसळायचा, एखादं तयार काम देणारा छोटा क्लास. क्लासमध्ये क्वेरीसेट (कोणत्या नोंदी काढायच्या) आणि सिरीयलायझर_क्लास या दोन ओळी द्या. इथे नवशिके हमखास अडतात. मिक्सिन तुम्हाला लिस्ट आणि क्रिएट देतात, गेट आणि पोस्ट नाही. गेट लिहून त्यातून सेल्फ.लिस्टला आणि पोस्टमधून सेल्फ.क्रिएटला हाक मारावी लागते. विसरलात तर उत्तर येतं ४०५ (ही विनंती इथे चालत नाही).

हे जोडकाम समजलं की लिस्टक्रिएटएपीआयव्ह्यू वापरा, त्यात ते आयतं मिळतं. एकेका नोंदीसाठी रिट्रीव्हअपडेटडिस्ट्रॉयएपीआयव्ह्यू. यूआरएलमध्ये अ‍ॅज_व्ह्यू पुढचा कंस विसरू नका.

खरी गंमत स्वतःच्या मिक्सिनमध्ये आहे. एका अडत्याचा भाव दुसऱ्याला दिसता कामा नये. त्यासाठी छोटा क्लास लिहा: त्याच्या गेट_क्वेरीसेटमध्ये सुपरकडून (वारशातल्या पुढच्या क्लासकडून) क्वेरीसेट घ्या आणि लॉगिन केलेल्या अडत्यापुरता गाळून परत द्या. थेट सेल्फ.क्वेरीसेट वापरू नका. त्यातल्या नोंदी एकदा वाचल्यात की निकाल तिथेच साठून राहतो आणि पुढच्या विनंत्यांना शिळा माल मिळतो. परफॉर्म_क्रिएटही इथेच लिहा, म्हणजे नोंद साठवताना अडत्याचं नाव सर्व्हरच भरेल. सिरीयलायझरमध्ये ते फील्ड फक्त वाचण्यापुरतं ठेवा, नाहीतर नाव दिलं नाही म्हणून तपासणीतच ४०० येईल. आणि इझऑथेंटिकेटेड ही परमिशन लावा.

हा मिक्सिन यादीत सगळ्यात डावीकडे हवा. पायथन डावीकडून शोधत जातं. जेनेरिक क्लास आधी आला तर त्याचंच गेट_क्वेरीसेट सापडतं, तुमची गाळणी चालतच नाही, आणि चूक दाखवणारी एकही ओळ येत नाही. हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, म्हणून याची टेस्ट आधी लिहा: दोन अडत्ये तयार करा, पहिल्याच्या नावावर एक नोंद टाका, दुसऱ्याच्या लॉगिनने ती मागा. ४०४ (सापडलं नाही) यायला हवं. २०० आलं, तर मिक्सिनची जागा बघा.