रुग्ण रात्री तळमळत असेल तर आधी नळी बघा

ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्री आजोबा सारखे तळमळत होते. चादर ओढायचे, उठून बसायला बघायचे. नातेवाईक झोपेचं इंजेक्शन मागत होते. वेदनाशामक वेळेवर दिलेलं होतं. नाडी जरा जलद, रक्तातला ऑक्सिजन ९७ टक्के, ताप नाही. मग पांघरूण बाजूला करून ओटीपोटावर हात ठेवला, तर ते टणक लागलं आणि आजोबा कळवळले. लघवीची पिशवी जवळपास रिकामी! कॅथेटरची, म्हणजे मूत्राशयातली लघवी पिशवीत आणणारी, नळी मांडीखाली दुमडून दबली होती. ती सरळ केली, पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली टांगली. लघवी वाहायला लागली तसा कपाळावरचा ताण उतरत गेला.

इथे झोपेचं औषध दिलं असतं तर खरं दुखणं झाकलं गेलं असतं. शिवाय वयस्कर माणसाला अशा औषधाने भ्रमही होऊ शकतो.

बाकीचं सोपं होतं. चादरीच्या सुरकुत्या काढल्या, कोरडे ओठ ओल्या गॉजने पुसले, डोक्यावरचा दिवा मालवला. "आजोबा, बेल उजव्या हाताशी ठेवलीये, कधीही वाजवा." किती लघवी झाली ते चार्टवर लिहिलं, डॉक्टरांना कळवलं आणि तासाभराने नळी पुन्हा तपासली.