इसबाची औषधे आणि मुलांची हाडे : पालकांनी हिशेब कसा ठेवावा

निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागल्या की नाशिक परिसरातील इसब असलेल्या मुलांची त्वचा कोरडी पडते आणि कोपराच्या व गुडघ्यामागच्या खोबणीतली खाज वाढते. अशा वेळी अनेक पालक 'स्टिरॉइडने हाडे ठिसूळ होतात' या भीतीने डॉक्टरांनी दिलेले सौम्य मलम अर्ध्यावर सोडतात आणि रात्रीची झोप उडाली की मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून स्टिरॉइडचे पातळ औषध आणून पाजतात. हाडांच्या दृष्टीने पाहिले तर भीती बाळगायची ती या दुसऱ्या गोष्टीची.

सुरुवात घरातील सगळ्या ट्यूबा आणि बाटल्या एका जागी काढून त्यांवरची बारीक अक्षरे वाचण्यापासून करावी. हायड्रोकॉर्टिसोन सौम्य असते, मोमेटासोन त्याहून जोरदार आणि क्लोबेटासोल अतितीव्र. मॉइश्चरायझर आणि टॅक्रोलिमस (इसबावरचे दुसऱ्या प्रकारचे मलम) यांत स्टिरॉइड नसते, त्यामुळे ती या हिशेबातून वगळावीत. बुरशी, जंतू आणि खाज या तिन्हींवर चालणारे म्हणून मिळणाऱ्या मिश्र मलमांत मात्र बहुधा एखादे तीव्र स्टिरॉइड असतेच. 2018 मध्ये अनेक स्टिरॉइड मलमे अनुसूची 'एच'मध्ये घातली गेली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येत नाहीत. तरीही शेजाऱ्यांनी सुचवलेली ट्यूब घरात येतेच, हे आपण सगळेच जाणतो.

नंतर मलमाचे माप ठरवावे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत ट्यूबमधून काढलेली मलमाची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि ती मोठ्या माणसाच्या, बोटांसह, दोन तळव्यांएवढ्या त्वचेला पुरते. चार वर्षांच्या मुलाच्या दोन्ही कोपरांच्या खोबणींना यापेक्षा कमीच लागते. डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस एवढ्या मापाने सौम्य मलम लावले, तर हाडांपर्यंत पोहोचावे इतके औषध सहसा रक्तात जात नाही. तीव्र मलम महिनोन्‌महिने अंगभर चोळले तर मात्र जाऊ शकते. तान्ह्या बाळांत हा धोका अधिक असतो, कारण वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचा विस्तार मोठा असतो आणि लंगोटाखाली झाकलेल्या जागी मलम जास्त शोषले जाते. म्हणून नवी ट्यूब फोडली की तिच्यावरच तारीख लिहावी. पंधरा ग्रॅमची ट्यूब किती दिवसांत संपली, हे पाहूनच डॉक्टरांना खरा अंदाज येतो.

पोटात घेतलेल्या स्टिरॉइडची नोंद एका वहीत वेगळ्या पानावर ठेवावी. प्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकॉर्ट किंवा बीटामेथासोनचे थेंब यांपैकी काय दिले, रोज किती आणि किती दिवस, हे लिहावे. दम्यासाठी घेतलेले कोर्सही त्यातच धरावेत, कारण इसब आणि दमा पुष्कळदा एकाच मुलाला असतात. ही औषधे दीर्घकाळ चालली की हाड बांधणाऱ्या पेशींचे काम मंदावते, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते आणि लघवीवाटे ते जास्त बाहेर पडते. मात्र अनेक आठवडे चाललेला कोर्स घाबरून एकाएकी बंद करू नये; शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड तयार होणे मंदावलेले असते, म्हणून मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच टप्प्याटप्प्याने कमी करावी.

दर सहा महिन्यांनी मुलाला अनवाणी भिंतीला टेकवून उंची मोजावी. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत मुले वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतात. त्याहून बरीच कमी वाढ दिसली, तर बालरोगतज्ज्ञांना वही दाखवावी.

आहाराच्या बाबतीत बहुतेक घरांत उलटेच घडते. इसब म्हटले की पहिली गदा दुधावर येते, आणि खरी ॲलर्जी सिद्ध झालेली नसतानाही मूल वर्षभर दूध-दह्यावाचून राहते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2020 च्या शिफारशीनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला 650 मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. दोनशे मिलिलिटर दुधातून सुमारे 240 मिलिग्रॅम मिळते, तर पन्नास ग्रॅम पिठाच्या नागलीच्या (नाचणीच्या) भाकरीतून सुमारे 170. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातली नागली नाशिकच्या बाजारात सहज मिळते; भाकरीसोबत तिळाची चटणी आणि वाटीभर दही दिले की उरलेली भर बरीचशी निघते. दुधाची ॲलर्जी तपासणीत खरोखर निघाली असेल, तर पर्यायी कॅल्शियम डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. त्वचा चिघळेल म्हणून मुलाला घरात कोंडूनही ठेवू नये. ड जीवनसत्त्वासाठी ऊन आणि हाडांच्या बळकटीसाठी उड्या मारणे, धावणे दोन्ही लागते. घाम आला तर कोमट पाण्याने अंग धुऊन लगेच मॉइश्चरायझर लावावे.

हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी प्रत्येक मुलाला लागत नाही. पोटातून दीर्घकाळ किंवा वारंवार स्टिरॉइड घेतलेल्या मुलाची पाठ सतत दुखू लागली, किंवा साध्या पडण्याने हाड मोडले, तर तिची विचारणा लगेच करावी. अहवाल आला की त्यातला झेड-स्कोअर पाहावा, कारण तो त्याच वयाच्या मुलांशी तुलना करतो. टी-स्कोअर प्रौढांसाठी असून मुलांच्या बाबतीत त्याच्यावरून निष्कर्ष काढत नाहीत.