जुन्या पीसीच्या बॅकअपमध्ये व्हायरस निघाला, तर फॉरमॅट मारण्याआधी हे करा

जुन्या घरच्या पीसीचा बॅकअप नव्या लॅपटॉपला लावला आणि अँटीव्हायरसनं लाल खिडकी दाखवली, की माणसं दोनपैकी एक करतात. काही जण 'रिमूव्ह ऑल' दाबून मोकळे होतात, काही जण घाबरून सगळी डिस्कच फॉरमॅट मारतात. दोन्हीत फोटो जाण्याचा धोका असतो. मग ती रिकामी डिस्क घेऊन मंडळी माझ्याकडे येतात. नाशिकरोडला माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, दिवसभर शंभर घरचे पेनड्राइव्ह या मशीनला लागतात, त्यामुळे व्हायरसशी माझी ओळख जुनी.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा: बॅकअप साफ करायचा नसतो, त्यातून आपलं सामान काढून घ्यायचं असतं. पालेभाजी निवडताना आपण जुडीतली माती वेचत बसत नाही, चांगली पानं खुडतो आणि उरलेलं टाकून देतो. तसंच. घरच्या पीसीवर जे खरंच मोलाचं असतं, म्हणजे फोटो, लग्नाचे व्हिडिओ, पत्रं, सातबाऱ्याचे स्कॅन, हिशेब, ते जवळपास सगळं 'डेटा' असतं. व्हायरस राहतो तो मुख्यतः प्रोग्रॅममध्ये, आणि प्रोग्रॅम आज नवे मिळतात.

डिस्क लावायच्या आधी ती जिवंत किती आहे ते बघा. दहा-बारा वर्षं कपाटात पडलेली डिस्क खरखर किंवा टकटक आवाज करत असेल, तर आधी तिच्यातलं महत्त्वाचं दुसरीकडे उतरवून घ्या, स्कॅन नंतर. पूर्ण स्कॅन म्हणजे डिस्कची प्रत्येक फाईल वाचणं. मरणासन्न डिस्कला तेवढे श्रम झेपत नाहीत. आवाज नसेल आणि शंका असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते 'गुड' की 'कॉशन' ते सांगतं. पीसीच बंद पडला असेल तर डिस्क बाहेर काढून साटा-टू-यूएसबी केबलनं जोडता येते. खूप जुन्या मशीनमध्ये रुंद पट्टीच्या केबलची आयडीई डिस्क असते. तिला वेगळा अडॅप्टर लागतो, विकत घेताना दुकानदाराला डिस्कच दाखवा. एमजी रोडला कॉम्प्युटरच्या दुकानांत विचारून बघा.

आता मुख्य युक्ती. विंडोजचे व्हायरस विंडोजवर चालतात, म्हणून बॅकअप विंडोजमध्ये उघडूच नका. एका स्वच्छ मशीनवर ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या (त्यावरचं सगळं पुसलं जाईल), लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) डाउनलोड करा आणि रुफस नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरनं ती पेनड्राइव्हवर टाका. मग त्यातल्या त्यात नव्या लॅपटॉपला तो लावून त्यावरून मशीन सुरू करा. सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबावं लागतं, कंपनीप्रमाणे बदलतं. मिंट पेनड्राइव्हवरूनच चालू होते, लॅपटॉपच्या डिस्कला हात लावत नाही. समोर 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असं चिन्ह दिसेल. ते मात्र दाबायचं नाही.

मिंटमध्ये एका बाजूला बॅकअपची डिस्क लावा, दुसऱ्या बाजूला नवी कोरी डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह. जुन्या डिस्कवर काही डिलीट करायचं नाही, काही बदलायचं नाही. फक्त वाचायचं आणि कॉपी करायचं.

इथे बऱ्याच जणांना पहिला सुखद धक्का बसतो. आपल्याकडे घरोघर झालेला आजार म्हणजे शॉर्टकट व्हायरस. पेनड्राइव्ह उघडला की सगळ्या फोल्डरच्या जागी बाण असलेले शॉर्टकट, आणि डेटा 'गेला'. डेटा गेलेला नसतो, व्हायरसनं त्याला हिडन आणि सिस्टिम असा शिक्का मारलेला असतो. विंडोज तो शिक्का मानते, मिंट मानत नाही, म्हणून तिथे सगळी फोल्डर उघडीच दिसतात. या व्हायरसची एक जात सगळा डेटा उचलून नाव नसलेल्या फोल्डरमध्ये ठेवते. मिंटमध्ये बघितलंत तर पिवळं फोल्डर दिसेल आणि खाली नावाच्या जागी नुसती मोकळी जागा. पेनड्राइव्ह तीन जीबी भरलेला आणि दिसतंय काहीच नाही, असं असेल तर ते मोकळ्या नावाचं फोल्डर उघडा. सापडलेलं नव्या डिस्कवर कॉपी केलं की साधारणपणे तो लपवण्याचा शिक्काही मागे राहतो.

निवडताना काय घ्यायचं? जेपीजी, एमपी४, एमपी३, पीडीएफ, वर्ड आणि एक्सेलच्या फाईली. काय सोडायचं? नावाच्या शेवटी अशी शेपटी असलेल्या फाईली: डॉट ईएक्सई (म्हणजे प्रोग्रॅम), एससीआर, कॉम, बॅट, व्हीबीएस, जेएस, पीआयएफ, डीएलएल, एमएसआय, एलएनके, आणि ऑटोरन नावाची फाईल. 'विंडोज', 'प्रोग्रॅम फाइल्स' आणि 'टेम्प' ही फोल्डर अख्खी सोडा. सेव्ह केलेली वेब पानं, म्हणजे एचटीएमएलसुद्धा सोडा, कारण रामनिटसारखे व्हायरस प्रोग्रॅमबरोबर एचटीएमएललाही चिकटतात.

फोल्डर आत जाऊन डोळ्यांनी बघाच. 'टाइप' या रकान्यावर क्लिक करून यादी लावा. मुलीच्या साखरपुड्याच्या फोल्डरमध्ये चारशे फोटो आहेत आणि मध्येच 'साखरपुडा' नावाचंच काहीतरी आहे. विंडोजमध्ये त्याचं चित्र फोल्डरचं दिसायचं, इथे टाइपमध्ये प्रोग्रॅम लिहिलंय, साइज काहीशे केबी. शेजारच्या 'बारसं' फोल्डरमध्ये 'बारसं' नावाचा तसाच प्रोग्रॅम, साइज अगदी तेवढीच. तिसऱ्यातही तेच. एकाच मापाचे असे प्रोग्रॅम फोल्डरगणिक सापडले की समजा तोच व्हायरस आपल्या पिल्लांसकट बसलाय. फोटोच्या नावामागे जेपीजी आणि त्यामागे पुन्हा ईएक्सई असेल तर तो फोटो नव्हे.

यावर ठरलेला संवाद होतो. प्रेसमधून रिटायर झालेले काका असतात, म्हणतात, "ताई, फोटो घ्या, पण ते सेटअपचं फोल्डरही राहू द्या. सगळी सॉफ्टवेअरं आहेत त्यात, क्रॅकसकट." काका, तोच तर रोगाचा वाडा आहे. सॅलिटीसारखा व्हायरस एकेका ईएक्सईत स्वतःला शिवून टाकतो. अँटीव्हायरस ती फाईल दुरुस्त केली म्हणाला तरी ती पूर्वीसारखी चालेलच याची खात्री नाही. आणि कीजेन, क्रॅक, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवायची चोरटी साधनं, यांवर तर स्कॅनर ओरडणारच. तो खरा व्हायरस आहे की नुसता संशय, हे शोधण्यात संध्याकाळ घालवण्याइतकं ते सेटअप मोलाचं नाही.

एका गोष्टीत मात्र माझा धंदा आड येतो म्हणून थोडं लांबवते. जुन्या मराठी फाईली श्री-लिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या नव्या लॅपटॉपवर उघडल्या की आजोबांच्या मृत्युपत्राच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. लोक म्हणतात, "व्हायरसनं फाईल खाल्ली." नाही खाल्ली. युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत, येण्याआधीच्या त्या पद्धतीत अक्षराचा आकार फाँटमध्ये असायचा. फाँट नसेल तर मागचे कोड उघडे पडतात. म्हणून 'विंडोज' फोल्डर सोडा म्हटलं तरी त्यातल्या 'फाँट्स'मध्ये जाऊन श्री-देव किंवा डीव्हीबी नावानं सुरू होणाऱ्या फाईली उचला. त्या टीटीएफ, म्हणजे फाँटच्या फाईली असतात, प्रोग्रॅम नव्हे. बाकी डेटाबरोबर त्यांचंही स्कॅन होईलच. फाँट बसवला की मृत्युपत्र जसंच्या तसं वाचता येतं, मग निवांत युनिकोडमध्ये बदलून घ्या. हे फाँट न घेता डिस्क भंगारात घातलीत तर पुढे मला ते फाँट हुडकत फिरावं लागतं.

हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचंही तसंच. टॅलीचा प्रोग्रॅम नको, पण 'डेटा' फोल्डरमधलं कंपनीचं आकड्यांच्या नावाचं फोल्डर पूर्ण घ्या. टॅली ईआरपी ९ च्या फाईलींच्या शेपटीला ९०० असतं, बॅकअपच्या फाईलचं नाव टीबीके९००नं सुरू होतं. नवी टॅली प्राइम हा डेटा मायग्रेट करून घेते. निफाडकडचे बागायतदार फवारणीची डायरी एक्सेलमध्ये ठेवतात, ती डेस्कटॉपवरच पडलेली असते. डेस्कटॉप विसरू नका.

बॅकअप नुसता कॉपी केलेला नसून विंडोज ७ नं घेतलेला असेल, तर डिस्कवर पीसीच्या नावाचं फोल्डर, आत तारखेची 'बॅकअप सेट' फोल्डर आणि त्यात झिप फाईली दिसतील. व्हायरस यातल्या एका झिपमध्ये सापडला की काही अँटीव्हायरस अख्खी झिप उडवतात, म्हणजे एका किड्यापायी दोनशे एमबी फोटो. मिंटमध्ये झिप उघडून आतल्या 'युजर्स' फोल्डरमधून हवं ते ओढून काढा. मोठा व्हिडिओ असा नीट निघाला नाही, तर विंडोज १० किंवा ११ च्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'बॅकअप अँड रीस्टोअर (विंडोज ७)' अजून आहे. त्यातून फक्त तेवढीच फाईल मागवा. 'सिस्टिम इमेज', म्हणजे विंडोजसकट अख्ख्या डिस्कची नक्कल असेल तर ती व्हीएचडी फाईल असते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'अटॅच व्हीएचडी' करताना 'रीड-ओन्ली'वर टिक करा, मग आतलं वाचता येतं पण काही बदलत नाही. सगळी इमेज परत टाकण्याच्या फंदात पडू नका, व्हायरसही जसाच्या तसा परत बसेल.

निवडलेलं सगळं नव्या डिस्कवर आलं की जुनी डिस्क काढून ठेवा आणि मिंट बंद करा. आता विंडोजमध्ये नवी डिस्क लावायची, अँटीव्हायरस अपडेट करायचा आणि त्या डिस्कवर राइट-क्लिक करून स्कॅन मारायचं. विंडोजमधल्या डिफेंडर या अँटीव्हायरसचं 'फुल स्कॅन' बाहेरून लावलेली डिस्क आपणहून तपासत नाही, म्हणून हे राइट-क्लिक गरजेचं. एका स्कॅनरवर भागवू नका. पुण्याच्या क्विक हीलचं लायसन असेल तर ते चालवा, नसेल तर मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर फुकट आहे. ते डाउनलोड केल्यापासून दहाच दिवस चालतं, त्यामुळे मागच्या वर्षीचं वापरू नका. व्हायरसटोटल या साइटवर एकेक फाईल टाकून अनेक अँटीव्हायरसचं मत घेता येतं, पण तिथे टाकलेली फाईल सुरक्षा कंपन्यांनाही मिळते. आधार, बँकेची कागदपत्रं, घराचं खरेदीखत तिथे टाकायचं नाही.

वर्ड-एक्सेलमध्ये मॅक्रो (फाईलीच्या आत बसलेला छोटा प्रोग्रॅम) व्हायरस निघाला तर फाईल टाकायची गरज नाही. लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये मॅक्रो बंद ठेवून उघडा आणि डॉकएक्स किंवा एक्सएलएसएक्स म्हणून सेव्ह करा. या दोन प्रकारांत मॅक्रो साठवताच येत नाही, मजकूर आणि आकडे तेवढे राहतात. जुन्या आउटलुकची पीएसटी फाईल, म्हणजे मेलचा साठा असेल आणि स्कॅनर तिच्याकडे बोट दाखवत असेल, तर ती डिलीट नका करू. आत एखाद्या मेलची अटॅचमेंट दोषी असते. आउटलुकमध्ये तो मेल शोधून काढा, डिलीटेड आयटम्सही रिकामं करा.

फाईलींची नावंच बदलली असतील, मागे भलतीच शेपटी लागली असेल आणि पैसे मागणारी चिठ्ठी असेल, तर तो रॅन्समवेअर, म्हणजे फाईलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस. वरची कुठलीच युक्ती तिथे चालत नाही. पैसे पाठवू नका, फाईलीही पुसू नका. 'नो मोअर रॅन्सम' ही साइट २०१६ मध्ये युरोपोल, डच पोलीस आणि अँटीव्हायरस कंपन्यांनी सुरू केली. काही जातींच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात. आज नसली तरी पुढे मिळू शकते, म्हणून डिस्क जपून ठेवा.

जुना पीसी अजून वापरात असेल तर स्कॅनमध्ये 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' फोल्डरमधले व्हायरस वारंवार दिसतात आणि निघत नाहीत. ते रीस्टोअर पॉइंटमध्ये, म्हणजे विंडोजनं मागे परतता यावं म्हणून ठेवलेल्या जुन्या नकलांमध्ये अडकलेले असतात. सिस्टिम प्रोटेक्शन बंद केलं की जुने पॉइंट पुसले जातात, मग परत चालू करा. पण विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, एक्सपीचा ८ एप्रिल २०१४ ला. अशा मशीनवर नेट लावून बँकेचं काम करू नका. वायफायमधून काढा, टायपिंगला आणि गाण्यांना ठेवा.

जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करू नका. तिच्यावर चिकटपट्टी लावून 'व्हायरस आहे, विंडोजला लावू नये' असं मार्करनं लिहा, नाहीतर सुट्टीत आलेला भाचा ती हमखास लावतो. दोन-चार महिन्यांत एखादी राहिलेली फाईल आठवतेच. आणि प्रिंट काढायला माझ्याकडे याल तेव्हा हा निवडलेला डेटा घेऊन येऊ नका, पीडीएफ मेल करा. माझ्या मशीनला तुमच्या आधी कोणाचा पेनड्राइव्ह लागलाय ते तुम्हाला ठाऊक नसतं.